एक गाभा, दोन चेहरे : छोटा कोड एडिटर स्वतः कसा बांधायचा

कोड एडिटर बांधायला घेणारे बहुतेक जण खिडकीपासून सुरुवात करतात. आधी खिडकी उघडायची, त्यात मजकूर दाखवायचा, रंग भरायचे, डावीकडे फायलींची यादी लावायची. आठवडाभरात बरंच काही दिसायला लागतं. मग 'अन्डू' टाकायची वेळ येते आणि विणलेलं सगळं उसवावं लागतं. मी हे दोनदा केलं. तिसऱ्या खेपेला उलट्या टोकाकडून सुरुवात केली, तेव्हा कुठे एडिटर उभा राहिला.

हा लेख त्या उलट्या क्रमाने जातो. कुठलीही एक प्रोग्रॅमिंग भाषा बऱ्यापैकी येते, पण एडिटर कधी लिहिलेला नाही, असा वाचक डोळ्यांपुढे आहे. आपल्याला हवा आहे तो एडिटर टर्मिनलमध्येही चालेल आणि डेस्कटॉपवरच्या खिडकीतही, झटकन उघडेल, आणि त्यात नवी सोय घालायला मूळ कोडला हात लावावा लागणार नाही.

सगळी मदार एका नियमावर आहे: गाभ्याला पडदा माहीत नसावा. गाभा म्हणजे मजकूर, कर्सर, कमांड आणि अन्डूचा इतिहास. चेहरा म्हणजे टर्मिनल किंवा खिडकी. चेहऱ्याने कुठली कळ दाबली गेली ते गाभ्याला कळवायचं आणि गाभा देईल ते रंगवायचं, बस्स. गाभ्याच्या फोल्डरमध्ये 'पिक्सेल' किंवा 'लाल' असा शब्द सापडला की काहीतरी चुकलं समजा. गाभ्याने फक्त 'ही टिप्पणी', 'ही स्ट्रिंग' एवढंच म्हणावं. टिप्पणी हिरवी की करडी हे चेहऱ्याने बघावं.

ही वाट मळलेली आहे. टेक्स्टअ‍ॅडेप्ट हा एडिटर एकाच गाभ्यावर खिडकी आणि टर्मिनल अशा दोन्ही आवृत्त्या चालवतो. मायक्रो हा टर्मिनलमधला एडिटर गो भाषेत लिहिलेला आहे आणि त्याचे प्लगइन, म्हणजे बाहेरून जोडायच्या सोयी, लुआ या भाषेत आहेत. लाइट नावाच्या एडिटरमध्ये सी भाषेचा पातळ थर आहे, बाकी जवळजवळ सगळं लुआ. आणि सुरुवात करण्याआधी एक संध्याकाळ किलो या छोट्या एडिटरचा कोड वाचण्यात घालवा. सॅल्व्हातोरे सॅनफिलिपो यांनी २०१६ मध्ये तो हजाराहून कमी ओळींच्या सीमध्ये लिहिला. त्यात प्लगइन नाहीत आणि अन्डूही नाही, पण टर्मिनलशी कसं बोलायचं ते त्याच्याइतकं मोकळेपणाने क्वचितच कुणी दाखवलं असेल.

भाषेवरून फार खल करू नका. गाभ्यासाठी सी, रस्ट, गो, जी हाताला बसलेली असेल ती घ्या. प्लगइनसाठी मात्र माझं मत ठाम आहे: लुआ. १९९३ मध्ये रिओ दि जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली ही भाषा दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात बसवण्याच्या हिशेबानेच घडवलेली आहे. तिचा अख्खा इंटरप्रिटर काही शे किलोबाइटमध्ये मावतो. जावास्क्रिप्ट घेतली तर तिच्यामागे अख्खं इंजिन ओढत आणावं लागतं, आणि मग 'हलका' हा शब्द नावापुरता उरतो.

पहिला टप्पा : मजकूर कुठे ठेवायचा

मनात पहिल्यांदा येतं ते ओळींची यादी. प्रत्येक ओळ एक स्ट्रिंग, सगळ्या ओळी एका अ‍ॅरेमध्ये. छोट्या फायलींना हे छान चालतं, पण ओळी फार झाल्या की कोसळतं. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा एडिटरही आधी ओळींचा अ‍ॅरेच वापरत होता. त्यांच्याकडे तक्रार आली ती फक्त ३५ एमबीच्या एका फायलीची. पण तिच्यात १ कोटी ३७ लाख ओळी होत्या, आणि प्रत्येक ओळीमागे थोडी थोडी मेमरी जात एकूण आकडा ६०० एमबीच्या आसपास पोचला. २०१८ मध्ये त्यांनी ती रचना टाकून पीस टेबलच्या जातीची रचना घेतली.

पीस टेबल आपणही घेऊ शकतो. कल्पना सोपी आहे. उघडलेली फाइल जशीच्या तशी एका जागी ठेवायची आणि तिला कधीच हात लावायचा नाही. नवीन टाइप झालेलं सगळं दुसऱ्या जागी, एकामागून एक, फक्त शेवटी जोडत जायचं. पहिलीला 'मूळ' म्हणू, दुसरीला 'भर'. कागदपत्र म्हणजे या दोहोंतल्या तुकड्यांची यादी.

समजा फायलीत एवढंच आहे: 'आज पाऊस आहे'. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं आणि स्पेस १, म्हणून हे झाले २९ बाइट. यादीत एकच तुकडा: मूळ, ० पासून २९ बाइट. आता 'आज'नंतर 'खूप ' घातलं. ते 'भर'मध्ये गेलं, तिथे १० बाइट लागले. यादीत आता तीन तुकडे: मूळ ० पासून ७, भर ० पासून १०, मूळ ७ पासून २२. मजकूर इकडून तिकडे हलला नाही, बदलली ती फक्त यादी. खोडणं तर आणखी सोपं, तुकडा आखूड करायचा किंवा काढून टाकायचा.

सुरुवातीला ही यादी साध्या अ‍ॅरेमध्ये ठेवा. तुकडे हजारोंनी वाढले की संतुलित ट्रीमध्ये न्या, आणि प्रत्येक फांदीवर तिच्याखाली किती बाइट आणि किती ओळी आहेत ते लिहून ठेवा, म्हणजे 'ओळ ४०,००० कुठे आहे' याचं उत्तर पटकन मिळतं. बाहेरच्या जगाला यातलं काही दिसता कामा नये. त्यांच्यासाठी तीनच दारं: इथे हे घाल, इथून इथपर्यंत खोड, इथून इथपर्यंत वाचून दाखव.

एक मोह टाळा. 'मूळ' फाइल वाचण्याऐवजी थेट मेमरीत मॅप केली तर ती क्षणात उघडते हे खरं, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने तीच फाइल मध्येच आखूड केली तर युनिक्सवर तुमचा एडिटर सिग्नल खाऊन जागच्या जागी मरतो. सरळ वाचून घ्या.

अन्डू याच टप्प्यात हवा, नंतर नाही. प्रत्येक बदलामागे चार गोष्टी नोंदवा: जागा, गेलेला मजकूर, आलेला मजकूर, आणि आधी व नंतर कर्सर कुठे होता. सलग टाइप केलेली अक्षरं एका गटात बांधा. कर्सर हलला किंवा ओळ बदलली की गट बंद. फाइल कुठल्या नोंदीवर जतन केली तेही लक्षात ठेवा. म्हणजे अन्डू करत करत त्या नोंदीपाशी परत आलं की 'जतन न केलेले बदल आहेत' ही खूण आपसूक जाते. हे न करणारे एडिटर बंद करताना उगाच प्रश्न विचारत बसतात.

दुसरा टप्पा : कर्सर नेमका कुठे आहे

इंग्रजीत लिहिणारा नवशिका हा टप्पा ओलांडून जातो. देवनागरी वापरणाऱ्याला ती मुभा नाही, आणि ते एका अर्थी बरंच आहे.

'क्षि' हे अक्षर घ्या. डोळ्याला एक दिसतं. युनिकोडच्या लेखी ती चार चिन्हं आहेत: क, हलंत, ष आणि वेलांटी. फायलीत ते १२ बाइट. टर्मिनलचा पडदा म्हणजे सारख्या घरांची जाळी; त्यात ते किती घरं अडवतं? कुणी दोन म्हणतं, कुणी तीन. म्हणजे 'कर्सर कुठे आहे' या प्रश्नाची चार वेगवेगळी उत्तरं झाली, आणि एडिटरमधल्या निम्मे बग यातलं एक उत्तर दुसऱ्याच्या जागी वापरल्याने येतात.

गाभ्यात फक्त बाइटचा पत्ता ठेवा. बाण दाबला की कर्सरने अख्खं अक्षर ओलांडायचं, म्हणजे युनिकोडच्या भाषेत ग्राफीम क्लस्टर. त्याचे नियम युनिकोडच्या परिशिष्ट २९ मध्ये आहेत. देवनागरीतली जोडाक्षरं एकसंध धरण्याचा नियम त्यात २०२३ च्या १५.१ आवृत्तीत आला, म्हणून लायब्ररी निवडताना ती कुठल्या आवृत्तीची आहे ते बघा. जुनी असेल तर 'क्षि'च्या मधोमध कर्सर अडकेल. बॅकस्पेसची रीत मात्र निराळी ठेवा. वेलांटी चुकली तर फक्त वेलांटी जावी, अख्खं 'क्षि' नव्हे. म्हणून बॅकस्पेस मागचं एक चिन्ह खोडतो आणि डिलीट पुढचं अख्खं अक्षर. मराठी टाइप करणाऱ्या हातांना हीच सवय असते.

शोधताना आणखी एक गाठ लागते. 'दुसऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप झालेला सापडतो: एकात 'ऱ' हे स्वतंत्र चिन्ह, दुसऱ्यात र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, बाइटमध्ये वेगळे, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच मजकुराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) करूनही ते एक होत नाहीत. हे गाभ्यात सोडवू नका. शोधाचा प्लगइन लिहाल तेव्हा दोन्ही रूपं एकच धरणारी सोय तिथे ठेवा.

तिसरा टप्पा : प्रत्येक कृतीला नाव

'कर्सर पुढे न्या', 'ओळ खोडा', 'जतन करा' या सगळ्या कृती नावानिशी एका तक्त्यात नोंदवा. कळा त्या नावांकडे बोट दाखवतात, बस्स. कंट्रोल-एस दाबलं की चेहरा गाभ्याला 'कंट्रोल-एस' कळवतो, गाभा तक्त्यात बघतो, 'जतन करा' हे नाव सापडतं, ती कमांड चालते. पुढे प्लगइन स्वतःची कमांड याच तक्त्यात टाकणार, आणि वापरणारा याच तक्त्यातून कळा बदलणार. एवढं झालं की नावं शोधून कमांड चालवणारी यादी जवळपास फुकटात मिळते.

इथेच एक तिसरा चेहराही लिहून टाका, ज्याला पडदाच नाही. तो एका फायलीतून कळांची यादी वाचतो, गाभ्याला देतो आणि शेवटी उरलेला मजकूर छापतो. पन्नासेक ओळींचं काम. माझ्या सगळ्या चाचण्या यावर चालतात: 'या कळा दाबल्या तर हा मजकूर उरला पाहिजे'. खिडकी उघडायची गरज नाही, की माउस हलवायची नाही.

चौथा टप्पा : टर्मिनल

टर्मिनल आपण होऊन बरीच मदत करत असतं आणि आपल्याला ती सगळी बंद करायची आहे. एंटर दाबेपर्यंत ते ओळ स्वतःकडेच ठेवतं, दाबलेलं अक्षर स्वतः छापतं, कंट्रोल-सी दिसलं की प्रोग्रॅम मारतं, कंट्रोल-एस दिसलं की पडदाच गोठवतं. (ही शेवटची सवय जुन्या टेलिप्रिंटरांच्या काळातली आहे. टर्मिनल 'अडकलं' म्हणून घाबरलेल्या निम्म्या लोकांनी चुकून कंट्रोल-एस दाबलेलं असतं. कंट्रोल-क्यूने ते सुटतं.) हे सगळं बंद करण्याला रॉ मोड म्हणतात. युनिक्सवर टर्मिओस ही टर्मिनलच्या सेटिंगची सोय वापरून तो लावता येतो. रस्टमध्ये क्रॉसटर्मसारखी लायब्ररी हेच काम विंडोजवरही करून देते.

रॉ मोड लावण्याआधी तो काढण्याचा कोड लिहा. मी तसं केलं नव्हतं. एडिटर मध्येच कोसळला, आणि नंतर टर्मिनलमध्ये टाइप केलेलं काहीच दिसेना. अशा वेळी न बघता 'रिसेट' टाइप करून एंटर मारायचं. एंटरने भागलं नाही तर कंट्रोल-जे. तुमच्या एडिटरच्या वापरकर्त्यावर मात्र ही वेळ येऊ देऊ नका. नेहमीसारखं बाहेर पडताना, कोसळताना, मारण्याचा सिग्नल आल्यावर, तिन्ही वाटांवर टर्मिनल पूर्ववत झालं पाहिजे. सुरुवातीला पर्यायी पडदा मागून घ्या आणि जाताना परत करा, म्हणजे एडिटर बंद केल्यावर आधीच्या कमांड जागच्या जागी दिसतील.

कळा वाचणं वाटतं त्यापेक्षा तिरपागडं आहे. वरचा बाण तीन बाइट होऊन येतो: २७, ९१, ६५. आणि नुसती एस्केप कळ? २७. म्हणजे २७ आल्यावर लगेच निर्णय घेता येत नाही. वीस-तीस मिलिसेकंद थांबून पुढे काही येतं का ते बघायचं. नाही आलं तर ती एस्केप होती. दूरच्या सर्व्हरवर काम करताना हा अवधी थोडा वाढवावा लागतो, म्हणून तो सेटिंगमध्ये ठेवा. कंट्रोल-आय आणि टॅब दोघंही ९ पाठवतात, कंट्रोल-एम आणि एंटर दोघंही १३. साध्या टर्मिनलमध्ये यांना वेगळं काढता येत नाही, तेव्हा कळा वाटताना या जोड्यांवर वेगळ्या कमांड लावू नका. आणि पेस्टसाठी 'ब्रॅकेटेड पेस्ट' चालू करा, म्हणजे पेस्ट केलेला मजकूर आधी-नंतर खूण लावून येतो. नाहीतर पेस्ट केलेल्या शंभर ओळी टाइप केल्यासारख्या येतात, प्रत्येक ओळीवर आपोआप इंडेंट लागतो आणि कोड जिन्यासारखा उजवीकडे सरकत जातो.

रंगवताना पडदा आधी मेमरीत घडवा: घरांची एक जाळी, प्रत्येक घरात अक्षर आणि शैली. मागच्या वेळची जाळी जपून ठेवा, दोन्ही ताडून बघा आणि बदललेली घरंच पाठवा, तीही सगळी एका दमात. तुकड्यातुकड्यात लिहिलं की पडदा लुकलुकतो. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास व्हीआय हा एडिटर लिहिला तो ३०० बॉडच्या मोडेमवर. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. ८० बाय २४ चा पडदा एकदा पूर्ण रंगवायला मिनिटाहून जास्त वेळ. व्हीआयच्या कमांड एकेका अक्षराच्या का आहेत ते यावरून कळतं. आज वेग प्रचंड वाढलाय, पण दूरच्या सर्व्हरवरून काम करताना ही काटकसर अजूनही जाणवते.

राहिला 'क्षि'च्या घरांचा वाद. टर्मिनलच्या मनात काय आहे हे ओळखण्याची एक युक्ती आहे: सुरुवातीला पडद्याच्या कोपऱ्यात एक जोडाक्षर छापायचं आणि टर्मिनललाच विचारायचं की कर्सर आता कुठे आहे. अशी विचारणा करण्याचा संकेत बहुतेक सगळ्या टर्मिनलांना कळतो. उत्तर वाचायचं, छापलेलं पुसायचं, आणि आपला हिशेब त्याप्रमाणे लावायचा. तरीही एखादा नमुना चुकतोच. म्हणून देवनागरी असलेल्या ओळीत काही बदललं तर मी ती ओळ अख्खी रंगवतो आणि प्रत्येक शब्दाच्या सुरुवातीला कर्सरची जागा नव्याने सांगतो. थोडे बाइट जास्त जातात, पण ओळ विस्कटत नाही.

जतन करण्याबद्दल थोडक्यात. मूळ फाइल उघडून तिच्यावरच लिहायला गेलात आणि मध्येच डिस्क भरली, तर नवीही गेली आणि जुनीही. माझी एक अख्खी दुपार अशी शून्य बाइटची झाली. त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहा, डिस्कवर पोचल्याची खात्री करा, मग नाव बदलून मूळ फायलीच्या जागी आणा. परवानग्या जशाच्या तशा न्या, आणि फाइल सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फायलीकडे नुसतं बोट दाखवणारी) असेल तर लिंकवर नव्हे, तिच्या मागच्या खऱ्या फायलीवर हे सगळं करा.

पाचवा टप्पा : प्लगइन

आता लुआ आत आणायची. तिला काय दिसू द्यायचं? गाभ्याच्या आतल्या रचना मुळीच नाहीत. प्रत्येक उघड्या फायलीला एक क्रमांक द्या आणि प्लगइनला तेवढाच दाखवा. तो क्रमांक देऊन प्लगइन वाचू शकतो, घालू शकतो, खोडू शकतो, कमांड नोंदवू शकतो आणि काही घटनांना कान लावू शकतो: फाइल उघडली, मजकूर बदलला, जतन होणार आहे, जतन झालं. इतकं पुरतं. पुढे पीस टेबल काढून दुसरं काही बसवलंत तरी कुणाचा प्लगइन मोडणार नाही.

आणि इथे माझा हट्ट: आपोआप इंडेंट, कंस जुळवणं, शोध-बदल, रंगांकन या 'आतल्या' वाटणाऱ्या सोयी स्वतःच प्लगइन म्हणून लिहा. स्वतःच्या दारातून ये-जा केल्याशिवाय दार अरुंद आहे हे कळत नाही.

पहिला प्लगइन म्हणून ओळींच्या शेवटच्या रिकाम्या स्पेस काढणारा घ्या. दिसायला दहा ओळींचा, पण त्यात सगळ्या खाचाखोचा येतात. 'जतन होणार आहे' या घटनेवर तो जागा होतो, प्रत्येक ओळ बघतो, शेवटच्या स्पेस खोडतो. वरून खाली गेला तर प्रत्येक खोडण्यागणिक पुढच्या सगळ्या ओळींचे पत्ते सरकतात. म्हणून खालून वर जायचं. पाचशे ओळी साफ झाल्या तर अन्डू पाचशे वेळा दाबायला लागू नये. म्हणून प्लगइनला गट उघडण्याची आणि बंद करण्याची सोय हवी. कर्सर खोडलेल्या स्पेसमध्येच उभा असेल तर? त्यासाठी गाभ्याने प्रत्येक खुणेचा पत्ता बदलानुसार आपणच सरकवला पाहिजे, कर्सर ही त्यातलीच एक खूण. शेवटची मेख म्हणजे हाच प्लगइन कुणी 'मजकूर बदलला' या घटनेवर लावला तर खोडण्याने पुन्हा तीच घटना उठते आणि तो स्वतःलाच हाक मारत राहतो. घटना चालू असताना तीच घटना त्याच प्लगइनला पुन्हा द्यायची नाही, हा नियम गाभ्यात लिहा.

प्लगइन चुकणारच. प्रत्येक हाक लुआच्या सुरक्षित हाकेच्या सोयीतून द्या, म्हणजे चूक झाली तरी एडिटर उभा राहतो आणि खालच्या पट्टीत कुठल्या प्लगइनच्या कितव्या ओळीवर अडलं ते दिसतं. तीनदा चुकला की त्याला त्या सत्रापुरता बसवून ठेवा. न संपणाऱ्या लूपसाठी लुआमध्ये ठरावीक सूचनांनंतर आपल्याला जागं करणारा हुक आहे. तिथे घड्याळ बघा आणि अर्धा सेकंद उलटला असेल तर हाक तोडा.

कमांड, कळ, घटना, जे जे प्लगइनने नोंदवलं त्यावर त्याचं नाव टाका. मग प्लगइन बदलून पुन्हा चढवताना त्याच्या नावाचं सगळं एका झाडूने काढता येतं, आणि एडिटर बंद न करता प्लगइन लिहीत बसता येतं. ही सोय मी उशिरा केली. तोवर एकच कमांड सात वेळा नोंदली जात असे आणि ओळ एकदा खोडली की सात ओळी जात.

लुआच्या स्ट्रिंग म्हणजे नुसते बाइट, हे प्लगइन लिहिणाऱ्यांना पहिल्या पानावर सांगा. तिच्या पॅटर्नमधला 'अक्षर किंवा अंक' हा वर्ग देवनागरी ओळखत नाही, त्यामुळे भोळेपणाने लिहिलेला शब्दमोजणीचा प्लगइन पानभर मराठी मजकुरात शून्य शब्द मोजतो. शब्दाची आणि अक्षराची हद्द सांगणारं फंक्शन गाभ्यातूनच द्या.

सुरक्षेबाबत भ्रमात राहू नका. लुआमधून फाइल आणि सिस्टिमची दारं काढून टाकता येतात, पण मग फॉरमॅटर (कोडची मांडणी नीट करणारा वेगळा प्रोग्रॅम) चालवणारा साधा प्लगइनही लिहिता येत नाही. मी ती दारं बंद ठेवतो आणि प्लगइनने मागितली तर वापरकर्त्याला एकदा विचारतो. ही पक्की तटबंदी नव्हे, कुंपण आहे.

सहावा टप्पा : खिडकी

आतापर्यंतचा क्रम पाळला असेल तर खिडकी आश्चर्य वाटावं इतकी लवकर होते. एसडीएल ही खिडकी आणि कळा सांभाळणारी लायब्ररी घ्या, ती लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीकडे चालते. घटना येईपर्यंत झोपून राहणारं तिचं फंक्शन वापरा. खेळांसाठीचे नमुने बघून सेकंदाला साठ वेळा रंगवत बसलात तर नुसता उघडा एडिटर बॅटरी खाईल.

कळ दाबली जाणं आणि मजकूर येणं या एसडीएलमध्ये दोन वेगळ्या घटना आहेत. कंट्रोल-एससारख्या कमांड पहिलीवरून ओळखा. अक्षरं मात्र दुसरीवरूनच घ्या, नाहीतर मराठी कीबोर्ड किंवा कुठलीही इनपुट पद्धत चालणार नाही.

जोडाक्षरं नीट दिसायला हार्फबझ ही लायब्ररी हवीच. ते चिन्हांची माळ घेतं आणि फॉन्टमधली कुठली आकृती कुठे ठेवायची ते सांगतं. वेलांटी आधी आणि क्ष नंतर, हे तेच बघतं. कोडसाठीच्या बहुतेक फॉन्टमध्ये देवनागरी नसते, म्हणून एक राखीव फॉन्ट जोडा. आकृत्या एकदा रंगवून साठवून ठेवा.

आणि इथे नियमाला पहिला धक्का बसतो. खालचा बाण दाबला तर कर्सर खालच्या ओळीत नेमका कुठे उतरेल? टर्मिनलमध्ये घरं मोजायची, खिडकीत पिक्सेल. गाभ्याला तर दोन्ही माहीत नाहीत. तोड अशी: चेहरा गाभ्याला एक मोजपट्टी देतो. 'या ओळीत या बाइटपर्यंत किती अंतर?' आणि उलट, 'एवढ्या अंतरावर कुठला बाइट?' अंतर कशात मोजलंय हे गाभा विचारत नाही. तिसऱ्या, पडदा नसलेल्या चेहऱ्याची मोजपट्टी नुसती अक्षरं मोजते.

लँग्वेज सर्व्हर जोडायचा असेल तर तोही प्लगइनच ठेवा. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉलमुळे सूचना आणि चुका दाखवण्याचं काम वेगळी प्रोसेस करते आणि एडिटर तिच्याशी जेसनमध्ये बोलतो. गाभ्याने फक्त प्रोसेस सुरू करून न अडकता तिच्याशी बोलण्याची सोय द्यायची. एक खड्डा लक्षात ठेवा: त्यातल्या जागा मुळात यूटीएफ-१६ च्या एककांत मोजतात. 'क्षि' तिथे ४, आपल्याकडे १२ बाइट, आणि एक साधी इमोजी तिथे २. सर्व्हर ३.१७ आवृत्ती पाळत असेल तर यूटीएफ-८ मागून बघा; नाही म्हणाला तर प्रत्येक जागा बदलून घ्यावी लागते. मी हे विसरलो होतो, आणि मराठी टिप्पणी असलेल्या प्रत्येक ओळीत चूक दाखवणारी लाल रेघ चार-पाच अक्षरं बाजूला पडत होती.

हलकेपणा मोजून बघा, अंदाजाने ठरवू नका. प्रोसेस सुरू झाल्यापासून पहिला पडदा रंगेपर्यंतचा वेळ, काही न करता उघडा असताना प्रोसेसरचा वापर (तो शून्य हवा), आणि लाखो ओळींच्या फायलीत मधोमध एक अक्षर टाइप केल्यावर ते दिसायला लागणारा वेळ, हे तीन आकडे प्रत्येक बदलानंतर आपोआप नोंदवा. माझ्याकडे सुरुवातीचा वेळ अचानक तिपटीने वाढला तो प्लगइनमुळे. उघडतानाच सगळे चढत होते. आता प्रत्येक प्लगइन आपल्या कमांड आणि फायलींचे प्रकार एका छोट्या यादीत आधी जाहीर करतो, आणि त्यातलं काही खरंच लागलं तरच त्याचा कोड वाचला जातो.

टर्मिनलच्या चेहऱ्यात जतन नीट व्हायला लागलं की त्या दिवसापासून एडिटरचा कोड त्याच एडिटरमध्ये लिहायला घ्या, दर तासाला गिटमध्ये नोंद करत. माझ्या पहिल्या दिवशीच्या अडचणींची यादी तेवीस ओळींची होती, आणि त्यातल्या एकोणीस गाभ्याला हात न लावता प्लगइनमध्ये सुटल्या.